जागेश्वरने पारखलेले तीन पियानो

भोजराज सेठ मेला त्या दिवशी बपेऱ्यापासून तुमसरपर्यंत सगळी दुकानं दुपारपर्यंत बंद होती. माझं उघडं होतं. मी मशीनवर बसून शाळेच्या चड्ड्या शिवत होतो आणि कोणी विचारलंच तर सांगत होतो की गिऱ्हाइकाला आजचा वायदा दिलाय. वायदा-बियदा काही नव्हता. माणूस गेला की वैर संपतं, असं शहाणे लोक म्हणतात. त्यांचं शहाणपण त्यांना लखलाभ. मी चिंधू शिंपी, माझं वैर माझ्याबरोबरच जाईल.

तसं पाहिलं तर सेठने माझं काही बिघडवलं नव्हतं. बिघडवलं होतं जागेश्वरचं. तुमसरात त्याचं पेटी दुरुस्तीचं दुकान माझ्या दुकानाला लागून होतं, मध्ये फक्त सागाच्या फळ्या. हार्मोनियमला आमच्याकडे पेटीच म्हणतात. तो पलीकडे भात्याला चामडं लावायचा, पितळी पट्ट्या घासून सूर जुळवायचा, आणि मी अलीकडे मशीन चालवायचो. कधी कधी फळीआडून आवाज यायचा, "चिंधू, सुई बदल." मी काढून पाहायचो तर सुईचं टोक खरंच बोथट झालेलं असायचं. कापडावर टाका चुकायच्या आधी त्याला ते ऐकू यायचं. असा कान मी दुसरा पाहिला नाही.

हा कान घडला कामठीला. सोळाव्या वर्षी घरातून पळून तो तिकडे गेला आणि डिक्रूज नावाच्या एका म्हाताऱ्या साहेबाच्या हाताखाली लागला. छावणीतल्या मेसमध्ये, नागपूरच्या इंग्रजी शाळांत, मोठमोठ्या बंगल्यांत जे पियानो होते त्यांचे सूर लावायचं काम हा साहेब करायचा. सात वर्षं जागेश्वरने त्याची पिशवी वाहिली, शिव्या खाल्ल्या आणि विद्या उचलली. साहेब मरताना त्याला दोन वस्तू देऊन गेला, पियानोच्या खुंट्या पिळायची किल्ली आणि सूर ताडून पाहायचा पोलादी चिमटा. पण तुमसरात पियानो होता कोणाकडे? म्हणून गावी परतल्यावर तो नाटकांत पेटीवर बसू लागला.

दिवाळी आटोपली की आमच्या झाडीत, म्हणजे या जंगलाच्या मुलखात, गावोगावी मंडई भरते. दिवसा बाजार, पाहुणे, माहेरी आलेल्या लेकी, दंडारीचा नाच, मग नाटक. त्या दिवसांत पेटीमास्तरला जावयाच्या वरचा मान. गाव बैलगाडी पाठवून त्याला नेतं आणि जेवायला पहिल्या पंगतीला बसवतं. जागेश्वरला तर पुढल्या मंडईचं आवतण या मंडईतच मिळायचं. १९७२ साली बपेऱ्याने त्याला बोलावलं आणि मीही पोशाखांची ट्रंक घेऊन सोबत गेलो.

बपेरा म्हणजे भोजराज सेठचं गाव. तिथंच त्याची राइस मिल, तिथंच दुमजली घर. मंडईचा खर्च तो उचलायचा, त्यामुळे भर दुपारी, दंडार सुरू व्हायच्या आधी, नमन आपणच गाणार असा त्याचा हट्ट होता. सेठने सुरुवात केली काळी दोनच्या पट्टीत आणि अंतऱ्याला पोचेपर्यंत घसरत घसरत पांढरी दोनच्याही खाली गेला. दुसरा कोणी पेटीवाला असता तर हळूच बोटं सरकवून त्याच्यामागे गेला असता. जागेश्वर गेला नाही. तो आपली काळी दोन धरून बसून राहिला. लोकांना सूर कळत नसतील, पण एका जुवाचे दोन बैल दोन दिशांना ओढतात तेव्हा ते त्यांना बरोबर कळतं. मागे कोणीतरी हसलं, मग बायका हसल्या, मग सगळं मैदान हसलं.

सेठ थांबला. माइक तोंडाजवळ ओढून म्हणाला, "पेटी बेसूर हाये. या मास्तरच्या कानात माह्या मिलचा कोंडा भरला हाये. काढा कोनीतरी."

मैदान पुन्हा हसलं, या खेपेला जागेश्वरला. दोघांनी त्याच्या हाताखालून पेटी उचलली आणि त्याला नेऊन चपलांच्या ढिगाजवळ बसवलं. गोष्ट तिथंच संपली असती तर चाललं असतं. पण सेठचा शब्द लोकांच्या तोंडी बसला. त्या साली, पुढल्या साली, तो जिथं पेटीवर बसला तिथं गर्दीतून कोणीतरी ओरडायचं, "कोंड्या मास्तर, कान झाड!" तिसऱ्या वर्षी कोणी बोलावलंच नाही. त्याची बायको देवकाबाई नळावर गेली तर बाया सरकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, कोंड्याची आली. ती बिचारी घागर अर्धी भरून परत यायची.

जागेश्वर चिडून बोलणारा नव्हता. पण एकदा काम थांबवून, फळीला टेकून म्हणाला, "चिंधू, मले त्याचा पैसा नाही पायजे. ज्या तोंडानं बोलला त्याच तोंडानं, त्याच लोकायसमोर त्यानं म्हनलं पायजे, का जागेश्वरचा सूर खरा होता. तेवढंच."

मी म्हटलं, तेवढ्यावर कसं भागेल, मी तर त्याला त्याच मैदानात नाक घासायला लावीन. बारा वर्षं आम्ही दोघांनी हे वैर जपलं. लोक आंबा मुरवतात, आम्ही हे मुरवत ठेवलं. खोटं कशाला बोलू, त्यात मजाही यायची. दर मंडईच्या सुमाराला दोघं चहा घेत सेठची नवी फजिती रचायचो. कधी त्याचं धोतर फिटायचं, कधी मिलला कुलूप लागायचं. जागेश्वर ऐकून घ्यायचा आणि शेवटी पुन्हा आपल्या त्याच एका वाक्यावर यायचा.

१९८४च्या उन्हाळ्यात सेठच्या पोराचं, टेकचंदचं, लग्न झालं. सून जबलपूरची, नाव चंद्रकला. नन्सच्या शाळेत शिकलेली आणि लहानपणापासून पियानो वाजवणारी. सोयरिकीच्या बैठकीत तिचे वडील म्हणाले की पोरीला रोज वाजवायची सवय आहे, खेड्यात तिला करमेल कसं? सेठने मिशीवरून हात फिरवला आणि सांगितलं की तुमच्या घरी आहे त्याच्याहून मोठा पियानो माझ्या बैठकीत येईल, आडवा, तीन पायांचा, राजेरजवाड्यांकडे असतो तसला. आणि मंडईच्या दिवशी सून तो साऱ्या गावासमोर वाजवेल. बोलून तर बसला. नागपूरला माणूस पाठवला तेव्हा तिथला दुकानदार म्हणाला की असले पियानो आता दुकानात येत नाहीत, साहेब लोक मागे टाकून गेले त्यातूनच धुंडावे लागतील. आणि त्यातलं कळणारा माणूस तुमच्याच तुमसरात बसलाय, जागेश्वर नावाचा.

सेठ स्वतः जीप घेऊन आला. मी मशीन थांबवून फळीच्या फटीला डोळा लावला. मला वाटलं, आता हा मान खाली घालून आत शिरणार. सेठ शिरला, स्टुलावर बसला, पायातला जोडा काढून तळवा खाजवला आणि म्हणाला, "तूच का रे जागेश्वर? आपली आधी कधी भेट नाही झाली वाटते."

तो नाटक करत नव्हता. मी त्याचं तोंड हातभर अंतरावरून पाहत होतो. त्याला खरंच आठवत नव्हतं. ज्या एका वाक्याने माणसाचं काम आणि नाव दोन्ही गेलं, ते वाक्य हा माणूस जेवून हात धुवावा तसा विसरला होता. कात्री घेऊन पलीकडे जावं असं मला वाटलं, इतका माझा संताप झाला. जागेश्वर शांतपणे म्हणाला की पियानो पाहून देईन, फक्त सोबत चिंधू येईल.

सेठची जीप गेल्यावर जागेश्वरने मला बेत सांगितला. जो वरून देखणा आणि आतून मेलेला असेल तोच पियानो सेठच्या घरी बसवायचा. मंडईच्या दिवशी व्याह्यांसमोर आणि गावासमोर तो रेकायला लागला की सेठ आपल्यालाच हाका मारेल. तेव्हा आधी ते वाक्य बोलून घ्यायचं आणि मग पुढचं पुढे. मी त्या दिवशी खुशीत दोन पानं बांधून आणली, एक त्याला, एक मला.

तेव्हा गोंदियाही आमच्याच जिल्ह्यात होतं. एवढ्या मोठ्या जिल्ह्यात असले आडवे पियानो तीनच निघाले, आणि आम्ही तिन्ही पाहिले. पारखायची जागेश्वरची रीत अशी की तो आधी वाजवायचाच नाही. झाकण उघडून आत वास घ्यायचा. मग खिशातून मूठभर चिन्नोर तांदूळ काढून तारांच्या मधून खालच्या लाकडी पाटावर पेरायचा आणि एकेक पट्टी दाबायचा. पाट जिवंत असेल तिथले दाणे उडायचे, लाकूड तडकलं असेल तिथले निजून राहायचे. नंतर एक सा दाबून धरायचा आणि तो विझेपर्यंत बोटांच्या पेरांवर मोजायचा. सर्वांत शेवटी किल्ली लावून खुंट्या पाहायचा, कारण तार धरून ठेवायचं काम खुंटीचं, आणि खुंटी घट्ट नसेल तर वरची सगळी शोभा फुकट. दाणे मेण लावलेल्या दोऱ्याने परत उचलायचं काम माझ्याकडे असायचं.

गोंदियाचा पियानो एका जुन्या क्लबात होता. विलायती, तपकिरी, नुकतंच पॉलिश केलेला, पायांना पितळेची चाकं. सेठ सोबत होता, तो त्यात आपलं तोंड पाहून खूश झाला. जागेश्वरने दाणे पेरले तर अर्धे निजलेले. सा अकरा मोजेपर्यंत विझला. त्याने एक खुंटी पिळून सूर चढवला, आम्ही चहाला गेलो आणि परत येऊन पाहतो तर सूर होता तिथं उतरलेला. जागेश्वरने माझ्याकडे पाहिलं आणि मी त्याच्याकडे. आमचा नवरदेव सापडला होता.

दुसरा साकोलीच्या पलीकडे एका जमीनदाराच्या घरी. कलकत्त्याला बांधलेला, आपल्याकडची हवा सोसावी म्हणून जोडाजोडाला पितळी पट्ट्या मारलेला. आत उंदरांनी संसार मांडला होता, वरचे सूर पत्र्यासारखे वाजत होते, पण खुंट्या मजबूत आणि सा अठरापर्यंत पोचला. माणूस सज्जन आहे पण म्हातारा झालाय, असं जागेश्वर म्हणाला.

तिसरा होता तुमसरच्या डोंगराकडे, मॅंगनीजच्या खाणीवर साहेबांसाठी बांधलेल्या जुन्या हॉलमध्ये. जर्मन, काळा, साडेचार हात लांब. लोक त्याच्यावर पत्ते खेळायचे, झाकणावर गिलासांचे पांढरे गोल उमटले होते. एक पाय वाळवीने खाल्ला म्हणून कोणीतरी सागाचा ओबडधोबड पाय ठोकून दिला होता. सेठने नाक मुरडलं आणि बाहेर जाऊन बिडी पेटवली. जागेश्वरने दाणे पेरले, पट्टी दाबली, आणि सगळेच्या सगळे दाणे एकदम उडाले. सा दाबला. त्याची बोटं संपली, पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली, तरी तो चालूच होता. चौतीस. मग खुर्ची ओढून तो वाजवायला बसला. गेल्या दहा वर्षांत मी त्याला दुरुस्तीपुरतंच वाजवताना ऐकलं होतं. मला गाण्यातलं काही कळत नाही, पण दाणे उचलायचे सोडून मी ऐकत उभा राहिलो. वाजवून झाल्यावर तो लाकडावर हात ठेवून बसून राहिला. म्हणाला, असा तर डिक्रूज साहेबाकडेही नव्हता पाहिला.

सेठ आत आला आणि त्याने विचारलं, मग कोणता? मी गोंदियाची वाट पाहत होतो. जागेश्वर म्हणाला, "हा. काळा."

परतीच्या बसमध्ये मी त्याच्याशी उभा भांडलो. मागच्या बाकावरचे लोक वळून पाहत होते. म्हटलं, बारा वर्षं माझं डोकं खाल्लंस आणि वेळ आली तेव्हा शेपूट घातलीस. तो खिडकीबाहेर पाहत ऐकत होता. मग म्हणाला, "गोंदियाचा चांगला हाये असं म्या म्हनलं असतं, तर माह्या कानात कोंडाच हाये हे खरं झालं असतं. ते माह्यानं होत नाही." माझा राग काही उतरला नाही.

श्रावणात मिलच्या ट्रकमध्ये भाताच्या तणसाच्या गादीवर ठेवून पियानो बपेऱ्याला आला. सोळा हमालांनी तो बैठकीत नेला. जागेश्वर पाच दिवस तिथंच राहून सूर लावत बसला. सहाव्या दिवशी चंद्रकला डोक्यावर पदर घेऊन आली आणि वाजवायला बसली. ती काय वाजवत होती देव जाणे, पण मिलचे मजूर पोती खाली ठेवून अंगणात उभे राहिले. त्यानंतर दर पंधरा दिवसांनी जागेश्वर जायचा. ती त्याला मास्तरजी म्हणायची आणि कोणता सूर किंचित उतरलाय ते दोघं मिळून शोधायचे. तिलाही तो कान होता. परत आला की तो मला तिच्याबद्दल सांगायचा, घरात ती कोणाशी बोलत नाही, सासऱ्यासमोर तर तोंडही उघडत नाही, तिचं जे काही आहे ते या पियानोत आहे. मी ऐकायचो आणि मनात म्हणायचो, माझा दोस्त पाघळायला लागला. याला वैर सांभाळता येत नाही, मलाच सांभाळावं लागणार.

दसऱ्याला मी पियानोसाठी शिवलेली मखमली खोळ घेऊन गेलो, सोबत जागेश्वर होता. दसऱ्याला मिलमध्ये यंत्रांची पूजा असते. इंजिन, तांदूळ सडायचा हलर, वजनकाटा, जीप, सगळं धुऊन पुसून, तेल पाजून, हळदकुंकू लावून ओळीने सजवलेलं असतं. माझ्या शिलाई मशीनचंही मी तेच करतो, झाडीतला कोणताही कारागीर करतो. आम्ही बैठकीत शिरलो तेव्हा मिलचा फिटर बाबुलाल हातात तेलाची कुपी घेऊन पियानोवर वाकला होता आणि सेठ त्याला सांगत होता, "एवढ्या खुंट्या, एवढ्या तारा, आनि तेलाचा थेंब नाही? गंजून जाईन ना. पाज बरोबर."

जागेश्वरचा चेहरा पांढराफटक पडला. त्यानेच मला एकदा सांगितलं होतं, खुंटी लाकडात बसते ती नुसत्या घट्टपणावर. तिथं तेल मुरलं की लाकूड कायमचं बुळबुळीत होतं, आणि मग कोणाच्या बापाला तो पियानो सुरात आणता येत नाही. त्याने तोंड उघडलं. "सेठ," एवढा शब्द बाहेर पडलाही. मी चपलेने त्याचा पाय दाबला.

त्याच्या कानाशी लागून म्हटलं, "बारा सालं वाट पाह्यली. आता तो आपल्या हातानं आपलं करून राहिला. तुले कायी कराचं नाही. फक्त चूप राह्य."

सेठने वळून विचारलं, काय म्हणतोस? जागेश्वर म्हणाला, काही नाही. बाबुलाल इमानदार माणूस. दोनशे तीसच्या आसपास खुंट्या होत्या, एकही न चुकवता प्रत्येकीच्या मुळाशी त्याने तीन तीन थेंब सोडले. शेवटची ओळ पुसून होत असताना चंद्रकला आरतीचं ताट घेऊन आतून आली. आम्हाला पाहून पदराआडून हसली. सासरा समोर, म्हणून बोलली नाही. पियानोला हळदकुंकू लावून, नारळ ठेवून ती आत गेली.

तेल मुरायला वेळ लागतो. आठव्या दिवशी खालचे सूर उतरले, पंधराव्या दिवशी मधले. सेठचा माणूस दोनदा बोलवायला आला. दोन्ही वेळा जागेश्वर अंगात ताप आहे म्हणून घरीच राहिला. मी मात्र दिवस मोजत होतो. दिवाळीला मी स्वतःसाठी नवा सदरा शिवला, बटणं चांगली लावली, आणि मंडईच्या सकाळी जागेश्वरला घरातून जवळजवळ ओढतच बसस्टँडवर नेलं.

दुपारी सेठच्या बैठकीचे सगळे दरवाजे अंगणात उघडले होते. खुर्च्यांवर जबलपूरचे व्याही, ओट्यावर बाया, अंगणात सारा बपेरा. बहात्तरच्या मंडईत हसलेले कितीतरी चेहरे मी ओळखले. केस पांढरे झाले होते, एवढंच. चंद्रकला येऊन बसली. तिला माहीत होतं काय होणार आहे, तिचा चेहराच सांगत होता, पण सासऱ्याचा हुकूम. तिने वाजवायला सुरुवात केली आणि भांड्यांची उतरंड कोसळावी तसा आवाज निघाला. मागे कोणीतरी हसलं, मग बायका, मग अंगण. व्याह्यांनी मान खाली घातली. सेठचा चेहरा काळाठिक्कर पडला. मी तो डोळे भरून पाहिला. त्या क्षणी माझ्याइतका सुखी माणूस साऱ्या झाडीत नव्हता, हे मी आजही लाज न बाळगता सांगतो.

सेठने माइक घेतला आणि जागेश्वरला हाक मारली, ये, याचा सूर लाव. जागेश्वर पुढे गेला. मी त्याच्या मागेच होतो. बारा वर्षं घोकलेलं वाक्य तो बोलला. "सेठ, बहात्तरच्या मंडईत याच गावासमोर तुमी म्हनलं होतं का माह्या कानात कोंडा हाये. आधी ते वापस घ्या. म्हना, जागेश्वरचा सूर खरा होता."

सेठ त्याच्याकडे पाहत राहिला. त्याला आठवेना. शेजारच्या एका म्हाताऱ्याने कानात काहीतरी सांगितलं तेव्हा तो हसायला लागला. "अरे, तेवढं मनात धरून बसला काय? बरं बाप्पा. ऐका हो सारे, जागेश्वरचा सूर खरा होता, बेसूर मीच होतो. झालं? आता लाव."

झालं. शब्द तेच, तोंड तेच, लोक तेच. कोंबड्यांना दाणे फेकावे तसे फेकले, पण फेकले माइकवर. मला वाटलं आता आपण निघावं. पण जागेश्वर निघणार कसा? आताच तर साऱ्या गावाला सांगितलं गेलं होतं की याचा कान खरा आहे, आणि सारं गाव तो कान पाहायला थांबलं होतं. त्याने किल्ली काढली आणि पहिली खुंटी पिळली. सूर चढला. किल्ली सोडली आणि खुंटी आमच्या डोळ्यांदेखत परत फिरली. त्याने दुसरी पिळली, ती फिरली. खडूची भुकटी लावून पाहिली, तीही तेलाने चिकट झाली. अर्धा तास तो त्या खुंट्यांशी झगडला, कपाळावरचा घाम पट्ट्यांवर टपकत होता. मागून कोणीतरी ओरडलं, कोंड्या मास्तर, कान झाड. आवाज कोवळा होता, ओरडणारा बहात्तर साली जन्मलाही नसेल. अंगण हसलं. या वेळी सेठ एक शब्दही बोलला नव्हता.

चंद्रकला इतका वेळ बाजूला उभी होती. ती वाकली, एका खुंटीच्या मुळाशी बोट फिरवलं आणि ते नाकाशी नेलं. मग सासऱ्याकडे पाठ करून, हळू आवाजात, जागेश्वरकडूनच उचललेल्या आमच्या बोलीत म्हणाली, "मास्तरजी, दसऱ्याले तेल टाकलं तव्हा तुमी इथंच उभे होते ना?"

"होतो," जागेश्वर म्हणाला.

"तुमाले मालूम होतं?"

त्याला सांगता आलं असतं की हुकूम सेठचा होता. त्याला सांगता आलं असतं की मी बोलणारच होतो, या चिंधूने माझा पाय दाबला. मी नव्या सदऱ्यात, तोंड मिटून तिथंच उभा होतो, हात लांब केला असता तर त्याचा खांदा लागला असता. त्याने माझ्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

"मालूम होतं, बाई," तो म्हणाला.

तिने बोट पदराला पुसलं, पियानोचं झाकण लावलं आणि आत गेली. त्यानंतर ती वाजवायला बसल्याचं कोणी ऐकलं नाही. आम्ही शेवटच्या बसने परतलो, दोघांची तिकिटं त्यानेच काढली. पुढे पाच वर्षं, त्याच्या शेवटापर्यंत, तो माझ्या शेजारी, त्याच फळीआड पेट्या दुरुस्त करत होता. त्याने मला त्या दिवसाबद्दल एकदाही विचारलं नाही. विचारलं असतं तर मी भांडलो असतो, सगळं सेठच्या माथी मारलं असतं. त्याने विचारलंच नाही.